आधी रूळ, मग प्रवासी

ओसाकाच्या उमेदा स्थानकात, जिथे रूळ संपतात तिथे उभं राहिलं की समोर नऊ मार्गिका शेजारीशेजारी पसरलेल्या दिसतात. त्यांच्यावरच्या झाडून सगळ्या गाड्यांचा रंग एकच, गडद लालसर तपकिरी. पॉलिश इतकं तकतकीत की फलाटावरून चालणाऱ्या माणसांची प्रतिबिंबं डब्यांवर उमटतात. दिवसाच्या वेळापत्रकात इथे एक क्षण पुन्हा पुन्हा येतो. क्योतो, ताकाराझुका आणि कोबे या तीन दिशांच्या तीन गाड्या एकाच ठोक्याला सुटतात. पुढचे सुमारे अडीच किलोमीटर त्या खांद्याला खांदा लावून धावतात, योदो नदीवरचे पूल सोबतीनं ओलांडतात आणि जुसो स्थानकानंतर आपापल्या वाटेला लागतात.

हे स्थानक सरकारचं नाही. ते हानक्यू नावाच्या खासगी रेल्वे कंपनीचं आहे. राष्ट्रीय रेल्वेचं वारसदार असलेलं जेआरचं ओसाका स्थानक शेजारीच आहे, पण तो कारभार वेगळा. कोरोनापूर्वीच्या काळात एकट्या हानक्यूच्या या स्थानकात रोज पाच लाखांच्या आसपास माणसांची ये-जा होती.

एवढी गर्दी पाहिली की वाटतं, शहर मोठं, माणसं अमाप, म्हणून कंपनीनं रेल्वे काढली असणार. घडलं ते बरोबर उलटं. १९१० मध्ये या मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हा तिच्या वाटेवर भातखाचरं होती, आणि टोकांना एकीकडे धबधबा, दुसरीकडे गरम पाण्याचे झरे असलेलं एक छोटं गाव. गाडीत बसायला माणसंच नव्हती. ती माणसं कंपनीनं घडवली. कशी घडवली, याची गोष्ट या स्थानकाच्या भिंतींत, मजल्यांत, फलाटांत आणि फाटकांत आजही वाचता येते.

नऊ मार्गिका, दहा फलाट

आधी स्थानकाची रचना पाहू. उमेदा हे अखेरचं स्थानक. इथे गाडी आत येते, थांबते आणि आली त्याच वाटेनं परत जाते. मार्गिका नऊ आणि फलाट दहा. हे आकडे सहज पडलेले नाहीत. प्रत्येक मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना फलाट द्यायचा ठरवलं, की नऊ मार्गिकांना दहा फलाट लागतात.

दोन्ही बाजूंना फलाट कशासाठी? गाडी लागली की आधी उतरण्याच्या बाजूचे दरवाजे उघडतात. आलेली माणसं त्या बाजूनं बाहेर पडतात. मग समोरच्या बाजूचे दरवाजे उघडतात आणि तिथे रांगा लावून उभे असलेले प्रवासी आत शिरतात. उतरणारा आणि चढणारा एकमेकांच्या वाटेत येतच नाही. संध्याकाळी चर्चगेटला गाडी पुरती थांबायच्या आतच जागेसाठी तिच्यात उड्या टाकणारी माणसं ज्यानं पाहिली आहेत, त्याला या साध्या व्यवस्थेचं मोल वेगळं सांगायला नको. इथे जागा मिळते ती रांगेत आधी उभं राहिल्यानं. आणि ती जागाही खास असते. जैतुनी हिरव्या रंगाची, अंगोरा बकरीच्या लोकरीचं मऊ आवरण असलेली आसनं, मागे लाकडाच्या रेषा दाखवणाऱ्या भिंती. ही एखादी महागडी पर्यटक गाडी नव्हे, रोज कामावर जाणाऱ्यांची लोकल आहे.

पूर्वेकडच्या पहिल्या तीन मार्गिका क्योतोच्या, मधल्या तीन ताकाराझुकाच्या, पश्चिमेकडच्या तीन कोबेच्या. त्यांच्यातून तीन दुहेरी मार्ग, म्हणजे एकूण सहा रूळमार्ग, जुसोपर्यंत जातात. यातला क्योतोच्या गाड्यांचा स्वतंत्र मार्ग १९५९ मध्ये तयार झाला. त्याआधी त्या गाड्या जुसो ते उमेदा हे अंतर ताकाराझुकाच्या रुळांवरून काटत. या उशिरा आलेल्या मार्गाची खूण वाटेतल्या नाकात्सु स्थानकावर दिसते. तिथे कोबे आणि ताकाराझुकाच्या गाड्यांसाठी फलाट आहेत, तेही अतिशय अरुंद. क्योतोच्या रुळांना मात्र फलाटच नाही, कारण तो बांधायला जागाच उरली नव्हती. त्यामुळे क्योतोच्या गाड्या नाकात्सुला वळसा न घालता, अगदी त्याच्या अंगाला घासून जातात, पण थांबत एकही नाही.

भातखाचरातून चालत गेलेला माणूस

१९०७ च्या सुरुवातीला इचिझो कोबायाशी नावाचे ३४ वर्षांचे गृहस्थ मित्सुई बँकेतली नोकरी सोडून बायकामुलांसह ओसाकाला आले. नव्या निघणाऱ्या एका रोखे कंपनीत त्यांना मोठं पद मिळणार होतं. त्याच सुमाराला रशियाशी झालेल्या युद्धानंतरची तेजी कोसळली, बाजार गडगडला आणि ती कंपनी निघालीच नाही. परक्या शहरात कोबायाशी बेकार झाले.

त्याच वर्षी सरकारनं हानकाकू रेल्वे ही खासगी कंपनी ताब्यात घेतली. तिच्या संचालकांकडे आणखी एका मार्गाचा परवाना होता. उमेदाहून मिनोचा धबधबा, ताकाराझुका आणि पुढे आरिमाच्या गरम झऱ्यांपर्यंत विजेची गाडी न्यायची. पण मंदीत कोण पैसे घालणार? मिनो-आरिमा या नव्या कंपनीचे, म्हणजेच पुढच्या हानक्यूचे, जवळजवळ निम्मे शेअर घ्यायला कुणी पुढे येईना. कंपनी जन्माआधीच गुंडाळायच्या गोष्टी सुरू झाल्या.

कोबायाशी या काळात कंपनीच्या बैठकांच्या निमित्तानं नियोजित मार्गावरून ओसाका ते इकेदा पायी चालत गेले. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. चालताना त्यांना दिसलं ते असं: मोकळी हवा, डोंगराचा पायथा, चांगलं पाणी आणि स्वस्त जमीन. इतरांच्या हिशेबात हा मार्ग निकामी होता, कारण वाटेत शहरं नव्हती. कोबायाशींनी तोच हिशेब उलट्या बाजूनं मांडला. शहरं नाहीत म्हणून जमीन स्वस्त आहे. ती गाडी सुरू व्हायच्या आत विकत घ्यायची. गाडी आली की तिची किंमत वाढेल. त्या जमिनीवर घरं बांधून विकायची. घर घेणारा माणूस रोज कामाला कुठे जाईल? ओसाकाला. कशानं जाईल? आपल्याच गाडीनं.

तिकिटाच्या पैशांवर रेल्वे उभी राहत नसेल, तर रेल्वेमुळे वाढणाऱ्या जमिनीच्या किमतीवर ती उभी करायची, हे या विचाराचं मर्म. एरवी रेल्वे येते आणि फायदा होतो तो आजूबाजूच्या जमीनदारांचा. रूळ टाकणाऱ्याच्या वाट्याला तिकीट आणि देखभालीचा खर्च येतो. कोबायाशींनी ही दोन्ही खाती एकाच वहीत आणली.

१९०८ मध्ये त्यांनी कंपनीतर्फे 'सर्वांत आशादायक विद्युत रेल्वे' अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका छापून वाटली. प्रश्नोत्तराच्या रूपात तिच्यात सगळं उघड मांडलं होतं: बांधकामाला खर्च किती, पैसे येणार कुठून, घरांच्या जमिनीचं काय करणार. बुडत्या कंपनीनं आपला जमाखर्च लोकांपुढे ठेवून विश्वास मागावा, हे त्या काळात नवलच होतं.

कापसाचा धूर

पण ओसाकाची माणसं शहर सोडून भातखाचरात राहायला का जातील? दुसऱ्या एका पुस्तिकेत कोबायाशींनी त्याचं उत्तर दिलं आणि त्या उत्तराचा धागा थेट मुंबई बंदरापर्यंत येतो.

त्या काळी ओसाका हे जपानचं सूत गिरण्यांचं शहर होतं. पूर्वेकडचं मँचेस्टर असं त्याला म्हणत. या गिरण्यांत कातला जाणारा कापूस मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून जाई आणि त्याचं मुख्य बंदर मुंबई. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पेढीशी हातमिळवणी करून निप्पॉन युसेन या जहाज कंपनीनं जपान ते मुंबई अशी नियमित फेरी सुरू केली, ती प्रामुख्यानं या कापसासाठीच. वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या मातीत पिकलेला कापूसही मुंबईच्या याच बाजारात येई. तो कातणाऱ्या गिरण्यांच्या धुराड्यांनी ओसाकाचं आभाळ काळवंडून टाकलं होतं. कालव्यांसाठी नावाजलेलं शहर काजळीत बुडालं होतं.

कोबायाशींच्या पुस्तिकेचा सूर साधारण असा होता: कोणत्या जमिनीवर राहावं, कसल्या घरात राहावं, याचा विचार करा. शहरात धूर आणि रोगराई आहे. डोंगराच्या पायथ्याशी स्वच्छ हवा आहे आणि संध्याकाळी कामावरून दमून आलेल्या माणसाला परसबाग हवी. हे सगळं आमच्या गाडीच्या वाटेवर आहे.

१० मार्च १९१० ला उमेदा ते ताकाराझुका हा सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग आणि मिनोचा फाटा सुरू झाला. आरिमापर्यंत मात्र कंपनीची गाडी कधीच पोचली नाही. जूनमध्ये इकेदा स्थानकाजवळ घरांची विक्री सुरू झाली. सुमारे २०० भूखंड, प्रत्येक १०० त्सुबोंचा, म्हणजे साधारण ३३० चौरस मीटरचा. त्यावर दुमजली घर आणि बाग. किंमत २,५०० येन. पाचवा हिस्सा आधी भरायचा आणि बाकीचे दरमहा २४ येनप्रमाणे दहा वर्षांत फेडायचे.

आज गृहकर्जाचा हप्ता घराघरात आहे, त्यामुळे यात विशेष काय असं वाटेल. पण तोवर ओसाकाचा पगारदार माणूस भाड्याच्या घरात राही. घराचा मालक होणं हे व्यापाऱ्याचं किंवा जमीनदाराचं काम. दरमहा ठरावीक पगार मिळतो, तर त्या पगारावर घरही होऊ शकतं, ही कल्पनाच नवी होती. घरं भराभर विकली गेली. हप्ता फेडायला दहा वर्षं लागत आणि तेवढी दहा वर्षं तो माणूस सकाळी इकेदाहून उमेदाला आणि संध्याकाळी उमेदाहून इकेदाला जाणार हे नक्की असे. कंपनीनं घर विकलं आणि त्याबरोबर रोजचा एक प्रवासी मिळवला.

रिकाम्या परतीच्या गाडीचा प्रश्न

एक अडचण तरीही उरलीच. उपनगरी रेल्वेचं दुखणं असं, की सकाळी सगळे एकाच दिशेला जातात. गाडी भरून शहरात येते आणि रिकामी परत जाते. वीज तेवढीच लागते, चालकाचा पगार तेवढाच, रुळांची झीज तेवढीच, मिळकत मात्र अर्धी. दुपारी आणि रविवारी तर दोन्ही दिशांना शुकशुकाट.

यावरचा उपाय म्हणून मार्गाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी हवं होतं. १९१० मध्येच मिनोला प्राणिसंग्रहालय काढलं. १९११ मध्ये ताकाराझुकाला मोठं स्नानगृह बांधलं. पुढच्या वर्षी तिथे छताखालचा पोहण्याचा तलाव झाला. छतामुळे ऊन पोचेना, पाणी गरम राहीना आणि थंडगार पाण्यात उतरायला लोक तयार होईनात. तलाव फसला.

त्या फसलेल्या तलावात पुढे जे झालं, ते वाचताना थक्क व्हायला होतं. तलावावर फळ्या टाकून प्रेक्षकांची बसायची जागा केली, कपडे बदलायच्या खोल्यांचं रंगमंचात रूपांतर केलं आणि १९१३ मध्ये लहान वयाच्या मुलींचं गायनपथक तयार केलं. १ एप्रिल १९१४ ला त्यांचा पहिला प्रयोग झाला, मोमोतारोच्या लोककथेवरचा. स्नानाला येणाऱ्यांना फुकटात दाखवायची ही करमणूक. तीच आज शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेली ताकाराझुका रेव्ह्यू. यात सगळी पात्रं स्त्रियाच रंगवतात, नायकही. १९२४ मध्ये तिच्यासाठी सुमारे चार हजार प्रेक्षकांचं नाट्यगृह बांधावं लागलं.

तिची सावली किती लांब पडली पाहा. मांगा या जपानी चित्रकथांचे थोर चित्रकार ओसामु तेझुका ताकाराझुका गावातच वाढले आणि पुरुषवेशातल्या नायिकेची त्यांची 'प्रिन्सेस नाइट' ही चित्रकथा या रंगभूमीच्या प्रभावातून आली. टोकियोत याच संस्थेसाठी कोबायाशींनी १९३२ मध्ये नाट्यगृह कंपनी काढली, तिच्यातून तोहो ही चित्रपट कंपनी झाली. तोहोनं १९५४ या एकाच वर्षात कुरोसावांचा 'सेव्हन सामुराय' आणि पहिला 'गॉडझिला' असे दोन्ही चित्रपट पडद्यावर आणले. रविवारच्या रिकाम्या गाड्या भरायच्या म्हणून टाकलेल्या फळ्यांपासून गॉडझिलापर्यंत वाट सरळ जाते.

खेळाचंही तेच. कंपनीनं वाटेवरच्या तोयोनाकाला मैदान केलं होतं. जपानमधली शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९१५ मध्ये दहा संघांना घेऊन तिथेच सुरू झाली. दोन वर्षांत गर्दी मैदानाला आणि गाड्यांना झेपेनाशी झाली, तेव्हा स्पर्धा दुसरीकडे गेली. आज कोशिएनच्या मैदानावर होणारी ती स्पर्धा अख्खा देश पाहतो.

मग शिक्षणसंस्था. १९२९ मध्ये कानसेई गाकुइन ही संस्था कोबे शहरातून कंपनीच्या वाटेवरच्या निशिनोमियाच्या टेकडीवर हलली, १९३३ मध्ये कोबे महिला महाविद्यालयही त्याच परिसरात आलं. या स्थलांतरांना कंपनीचा हातभार होता आणि त्यात तिचा फायदाही होता. सकाळी आठ वाजता कारकून शहराकडे निघतात त्याच वेळी विद्यार्थी शहराबाहेर निघतात. गाडी येतानाही भरलेली, जातानाही भरलेली. उपनगरी रेल्वेचं जुनं दुखणं वेळापत्रकाला हात न लावता, गाडीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते बदलून बरं केलं.

१९२० मध्ये कोबेचा मार्ग सुरू झाला, तेव्हा किनाऱ्यालगत हानशिन कंपनीची गाडी आधीपासून धावत होती. ती गावोगावी थांबत जाई. नव्या कंपनीनं डोंगराच्या पायथ्यानं जवळजवळ सरळ रूळ टाकले आणि जाहिरात केली की आमची गाडी स्वच्छ आहे, वेगवान आहे, आणि रिकामी आहे! प्रवासी नसल्याचीच त्यांनी जाहिरात केली, कारण प्रवाशाला बसायला जागा हवी असते हे त्यांना ठाऊक होतं.

स्थानकावर दुकान, दुकानात करीभात

आता उमेदाला परत येऊ. १९२० मध्ये कंपनीनं इथे पाच मजली इमारत बांधली. तळमजला शिरोकिया या मुरलेल्या व्यापाऱ्यांना भाड्यानं दिला आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्वतःचं उपाहारगृह काढलं. भाडेकरूच्या दुकानात कोण येतं, काय घेतं, किती घेतं हे कंपनी शांतपणे पाहत राहिली. भाडेकरार संपल्यावर १९२५ मध्ये तिनं स्वतः बाजार चालवून पाहिला, आणि १५ एप्रिल १९२९ ला स्थानकाच्या डोक्यावर आठ मजली हानक्यू डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. रेल्वे कंपनीनं आपल्या अखेरच्या स्थानकात स्वतः चालवलेलं हे जगातलं पहिलं डिपार्टमेंट स्टोअर मानलं जातं.

जुनी मोठी दुकानं गिऱ्हाइकांना स्थानकावरून आणायला फुकट गाड्या ठेवत आणि तो खर्च शेवटी मालाच्या किमतीत जाई. कोबायाशींचा सवाल साधा होता: रोज हजारो माणसं आपल्या दारातूनच जातात, त्यांना आणायला गाडी कशाला पाठवायची? तो खर्च वाचवून तोच माल स्वस्तात विकता येतो. उपाहारगृह मुद्दाम वरच्या मजल्यांवर ठेवलं. जेवायला वर गेलेला माणूस उतरताना प्रत्येक मजल्यावर काहीतरी पाहतो.

उपाहारगृहातला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे भात आणि त्यावर घट्ट जपानी करी. हिंदुस्थानातून इंग्रजांच्या मार्फत जपानला पोचलेली ही आपली दूरची नातेवाईक. किंमत २० सेन, म्हणजे येनचा पाचवा हिस्सा. पण दुकान उघडलं आणि महामंदी आली. खिशात पैसे नसलेली तरुण मंडळी नुसता पाच सेनचा भात मागवू लागली आणि टेबलावर फुकट ठेवलेला व्हूस्टर सॉस त्यावर ओतून खाऊ लागली. दुकानातल्या काहींना वाटलं, ही गिऱ्हाइकं बंद करावीत. कोबायाशींनी उलट पाटी लावायला सांगितली: नुसता भात घेणाऱ्यांचंही स्वागत आहे. ते स्वतः फिरून या मुलांच्या ताटात लोणचं वाढत, असंही सांगतात. त्यांचं म्हणणं होतं की ही मुलं आज गरीब आहेत, उद्या त्यांची लग्नं होतील, मुलंबाळं होतील, तेव्हा त्यांना हा भात आठवेल आणि ती कुटुंबासह इथे येतील.

मला या सगळ्या गोष्टीत हा भात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यात धंद्याचा हिशेब आहेच, पण तो हिशेब एका दिवसाचा नाही, एका आयुष्याचा आहे. घराचा हप्ता दहा वर्षांचा, मुलांचं शिक्षण वाटेवरच्या महाविद्यालयात, रविवार ताकाराझुकाला, खरेदी उमेदाला. प्रवाशाकडे एका फेरीचं तिकीट म्हणून न पाहता अख्खा माणूस म्हणून पाहिलं, तेव्हा हे जमलं.

एका रात्रीत उतरलेलं स्थानक

एवढ्या गर्दीला आवरताना स्थानकाला तीनदा रूप बदलावं लागलं. १९२६ मध्ये रूळ उंचावर नेले, तेव्हा हानक्यूच्या गाड्या राष्ट्रीय रेल्वेच्या वरून जात. मग राष्ट्रीय रेल्वेनं आपले रूळ उंचावर न्यायचे ठरवले. वरचे खाली आणि खालचे वर असा अदलाबदलीचा प्रसंग आला. १९३४ च्या १ जूनला सकाळी गाड्या सुरू व्हायच्या आत, एका रात्रीत, हानक्यूचं स्थानक जमिनीवर उतरवलं गेलं.

पण जमिनीवर आल्यावर स्थानक कोंडलं. उत्तरेला राष्ट्रीय रेल्वेचा पूल, त्यामुळे फलाट लांबवता येईनात आणि डबे वाढवता येईनात. शेवटी अख्खं स्थानकच राष्ट्रीय रेल्वेच्या पलीकडे, उत्तरेला हलवायचं ठरलं. १९६७ मध्ये कोबेचे, १९६९ मध्ये ताकाराझुकाचे, १९७१ मध्ये क्योतोचे फलाट हलले आणि १९७३ मध्ये काम पुरं झालं. मघाशी पाहिलेल्या नऊ मार्गिका आणि दहा फलाट त्या वेळचे. सगळा काळ गाड्या धावतच होत्या.

नव्या जागेमुळे प्रवाशांना बरंच चालावं लागणार होतं, म्हणून १९६७ मध्ये सरकते पट्टे बसवले. घाईत असलेल्यांसाठी डावी बाजू मोकळी ठेवा, अशी सूचना तिथे ऐकवली जाई. टोकियोत सरकत्या जिन्यावर लोक डावीकडे उभे राहतात आणि ओसाकात उजवीकडे, या फरकाचं मूळ अनेक जण याच सूचनेत शोधतात.

जुन्या स्थानकाच्या सभागृहाला कमानदार छत होतं आणि भिंतींवर वास्तुकार चुता इतो यांनी रचलेली काल्पनिक प्राण्यांची रंगीत मोझेक चित्रं होती. नवी इमारत बांधताना ती फेकून दिली नाहीत. आज ती डिपार्टमेंट स्टोअरच्या तेराव्या मजल्यावरच्या उपाहारगृहात आहेत, अर्थात वरच्याच मजल्यावर.

तिकिटाचा तुकडा आणि बांबूचं पान

गर्दी घडवली तसा तिचा एक नवा त्रासही आला. फाटकावर माणूस उभा करून प्रत्येक पास पाहायचा, प्रत्येक तिकीट टोचायचं, हे लाखोंच्या गर्दीत अशक्य होऊ लागलं. १९६७ मध्ये हानक्यूच्या किता-सेनरी स्थानकात स्वयंचलित फाटकांची रांग उभी राहिली. आजच्या फाटकांची ही आद्य पिढी. ओसाका विद्यापीठ आणि किंतेत्सु रेल्वेच्या संशोधनापाठोपाठ तातेइशी कंपनीनं, म्हणजे आजच्या ओमरॉननं, ती बनवली होती.

पाससाठी भोकांची भाषा होती, तिकिटांसाठी चुंबकीय पट्टीची. खरा घोळ वेगळाच होता. घाईत माणूस तिकीट कसंही खुपसतो, तिरकं, आडवं. यंत्राला ते सरळ हवं. या कामातल्या एका अभियंत्याला नदीकाठी मासे धरत बसलेला असताना उत्तर सापडलं, अशी हकिकत आहे. वाहत आलेलं बांबूचं पान खडकाला टेकलं आणि वळून प्रवाहाच्या दिशेनं सरळ होऊन पुढे गेलं. मग यंत्रातही तिकिटाच्या वाटेत एक छोटा अडथळा ठेवला आणि तिरकं तिकीट त्याला टेकून सरळ होऊ लागलं. २००७ मध्ये या शोधाला विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेनं, आयईईईनं, मैलाचा दगड म्हणून मान दिला.

पुन्हा तोच प्रश्न

कोबायाशींचा धडा देशभर गिरवला गेला. टोकियोतलं देनएन-चोफु हे बागांचं उपनगर वसवणाऱ्यांनी त्यांचा सल्ला घेतला. टोकियोतल्याच शिबुयाला १९३४ मध्ये तोयोको रेल्वे कंपनीनं स्थानकावर डिपार्टमेंट स्टोअर काढलं. खासगी रेल्वे म्हटलं की घरं, दुकान, नाट्यगृह किंवा बेसबॉलचा संघ तिच्यासोबत येणार, हे जपानमध्ये गृहीतच धरलं जाऊ लागलं.

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. माणूस राहतो कुठे, खरेदी कुठे करतो, रविवारी जातो कुठे हे सगळं एकाच कंपनीच्या हिशेबात बसलं. हप्ता ज्याला परवडला तो धुरातून बाहेर पडला, आणि गिरणीतला कामगार धुरातच राहिला. भातखाचरं गेली ती कायमची. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. या कंपनीनं फायदा मिळवला तो माणसांचं राहणं, शिकणं आणि रमणं जास्त चांगलं करून, आणि ते काम तिनं पिढ्यान् पिढ्या केलं. कोबायाशी १९५७ मध्ये गेले. २००६ मध्ये जुनी प्रतिस्पर्धी हानशिन कंपनीही याच समूहात आली. २०१९ मध्ये परदेशी प्रवाशांना कळावं म्हणून स्थानकाचं नाव ओसाका-उमेदा झालं.

आता जपानची लोकसंख्या घटते आहे आणि कोरोनानंतर घरून काम करणारेही वाढले आहेत. रोजच्या प्रवाशाला गाडीत बसावंसं वाटावं, यासाठी हानक्यूनं २०२४ च्या जुलैत क्योतोच्या मार्गावर राखीव, ऐसपैस आसनांचा डबा सुरू केला. योदो नदीच्या दक्षिणेला शहराखालून जाणारा नानिवासुजी हा नवा मार्ग २०३१ मध्ये सुरू करायचं ठरलं आहे आणि त्याला जोडून घेण्याचा बेत हानक्यूकडे आहे.

म्हणजे १९०७ चा प्रश्न पुन्हा समोर आला आहे: गाडी आहे, बसणार कोण? तेव्हा शहर अजून पसरलेलं नव्हतं म्हणून माणसं नव्हती, आता माणसंच कमी होत आहेत, त्यामुळे तेच उत्तर जसंच्या तसं चालणार नाही. पण प्रश्न कसा सोडवायचा, हे या स्थानकानं दाखवून दिलं आहे. गाडी किती वेगानं जाते आणि किती डब्यांची आहे, हे नंतर पाहायचं. ती ज्या गावांतून जाते तिथे सकाळी उठल्यावर माणसाला राहावंसं वाटतं का, आणि ती जिथे पोचते तिथे जावंसं वाटतं का, हे आधी विचारायचं. याचं उत्तर होकारार्थी असेल, तर प्रवासी आपोआप येतात. रेल्वेचं खरं काम तिथूनच सुरू होतं.